फाईलवर माझं नाव होतं

अक्का, तुझी शोकसभा झाली. तू हजर असतीस तर मागून दुसऱ्या रांगेत बसली असतीस आणि माझ्या वहीच्या कोपऱ्यात प्रत्येक भाषणाला गुण दिले असतेस. काल कुणाला दहापैकी चारच्या वर मिळाले नसते.

फोटोपुढे केळीच्या करपा रोगावरचा तुझा प्रबंध ठेवला होता. काळी बांधणी, सोनेरी अक्षरं. तू गेलीस त्यानंतर आठव्या दिवशी तो बाइंडरकडून आला. प्रमुख पाहुण्यांनी तो हातात घेऊन थोडा चाळला आणि तू 'केळीला न्याय दिलास' असं सांगितलं. मग आपले गाईड सर उठले. त्यांना खरोखर वाईट वाटलं होतं, हे मी मान्य करतो. पण बोलताना ते सवयीच्या वाटेने गेले. 'कल्पनाताईंनी ज्ञानयज्ञात स्वतःची आहुती दिली,' असं म्हणाले. टाळ्या वाजवाव्यात की नाही ते लोकांना कळेना. दोघांनी वाजवल्या, मग त्याही थांबल्या.

मला दोन मिनिटं दिली होती. मी म्हणालो, 'अक्का डबा फार चांगला आणायच्या, आणि तो वेळेवर खायला लावायच्या.' एवढं बोलून खाली बसलो. सरांना ते आवडलं नसावं. पण कालच्या सभेतलं तेवढं एक वाक्य मी शपथेवर सांगू शकेन.

सभा संपल्यावर दाजी बाहेर चहाच्या टेबलापाशी भेटले. लेकीला, ऋतुजाला, घेऊन ते धुळ्याहून सकाळच्या बसने आले होते. त्यांनी माझा हात धरला आणि शेजारी उभ्या असलेल्यांना सांगितलं, 'हा हिला दर महिन्याला दवाखान्यात न्यायचा. सख्ख्या भावाने एवढं केलं नसतं.' लोकांनी माझ्याकडे आदराने बघितलं. मी चहाच्या कपात बघितलं. लोक पांगल्यावर ते हळू आवाजात म्हणाले, 'हिची फाईल तुझ्याकडे असेल. घरात कुठंच सापडत नाही. मला कुणाशी भांडायचं नाही रे भाऊ. फक्त विचारायचं आहे. दर महिन्याला बघत होते, मग कळलं कसं नाही?'

मी म्हणालो, 'बघतो.'

फाईल माझ्याकडेच आहे, अक्का. हे लिहितोय त्या टेबलावर आहे. तिच्यावर नाव माझं आहे.

*

तू जळगावच्या आमच्या कॉलेजातल्या संशोधन केंद्रात आलीस तेव्हा बेचाळीस वर्षांची होतीस आणि मी पंचवीसचा. तू धुळ्याच्या कॉलेजातून अध्ययन रजा घेऊन आलेली, मेहरूणला एक खोली केलेली, सोमवारी येणारी आणि शनिवारी परत जाणारी. पहिल्याच दिवशी मी मायक्रोस्कोपशेजारी वडापाव खाताना तुला दिसलो. तू कागद उचललास, दार उघडलंस आणि वडापाव बाहेर कडुनिंबाखाली नेऊन ठेवलास. माझ्यापुढे दोनच मार्ग होते. मी वडापावच्या मागे गेलो.

तेव्हापासून तुझे नियम लागू झाले. जेवण बाहेर बसून, वीस मिनिटं, मोबाईल आत. भेटल्यावर आधी 'झोपलास का' असं विचारायचं, 'रिझल्ट आला का' नंतर. संध्याकाळी मेहरूण तलावाकाठी एक फेरी, आणि फेरीत कामाचा विषय काढला तर आणखी एक फेरी. पहिल्या आठवड्यात मी रोज तीन फेऱ्या मारत होतो. सर म्हणायचे, पीएच.डी. ही तपश्चर्या आहे. तू मान डोलवायचीस आणि ते गेल्यावर म्हणायचीस, 'ऋषींना दर सहा महिन्यांनी अहवाल द्यावा लागत नव्हता.'

त्या अहवालात 'अडचणी' असा एक रकाना असायचा. केंद्रातले सगळे त्यात 'नाही' लिहायचे. मीही लिहायचो. तिसऱ्या वर्षी माझ्या प्लेटांमध्ये हवी ती बुरशी सोडून बाकी सगळ्या उगवत होत्या, मी दोन-तीन तास झोपत होतो, पॅन्ट पट्ट्याच्या नव्या भोकावर उभी होती. रकान्यात 'नाही'.

तो बुधवार तुझ्यामुळे लक्षात राहिला. मी काचेची भांडी धूत होतो. तू मागे येऊन विचारलंस, 'कधीपासून धुतोयस?'

'आत्ताच सुरू केलं.'

'मी जेवून आले, तलावाला फेरी मारून आले, दोन पानं लिहून झाली. तीच भांडी आहेत, भाऊ.'

मी खाली बघितलं. बोटांची कातडी पांढरी पडून सुरकुतली होती. तू हात पुढे करून नळ बंद केलास. 'शनिवारी धुळ्याला यायचं. माझ्याकडे जेवायला.'

'वेळ नाही, अक्का.'

'वेळ विचारला का मी?'

जेवायच्या आधी तू मला त्या इमारतीत नेलंस. खाली औषधांचं दुकान, पहिल्या मजल्यावर बीपी-शुगर-हृदय बघणारे डॉक्टर, दुसऱ्या मजल्यावर मनाचे. मी जिन्यातच विचारलं, जळगावात असे डॉक्टर नाहीत का? तू म्हणालीस, 'आहेत की. त्यांच्याकडे धुळ्याचे लोक जातात.' मला वाटलं विनोद करतेस. वर गेलो तर समोरच्या बाकावर आपल्याच कॉलेजचे कार्यालय अधीक्षक बसले होते. त्यांनी मला बघितलं, मी त्यांना बघितलं, आणि मग अर्धा तास आम्ही दोघांनी काचेच्या टाकीतल्या माशांचा बारकाईने अभ्यास केला. त्या दिवसानंतर माझा कुठलाही कागद कार्यालयात अडकला नाही.

गोळ्या सुरू झाल्या. सहा आठवड्यांत मी रात्र पूर्ण झोपू लागलो. हे मी इतकं साधं लिहितोय, कारण ते इतकंच साधं होतं. अवघड होतं ते जिना चढणं. आणि तिथे तू पुढे होतीस.

पण मी तुझ्याकडून वचन घेतलं. कुणाला सांगायचं नाही. सरांना नाही, माझ्या आईला नाही, दाजींनाही नाही. तू म्हणालीस, 'साखरेचा आजार असता तर सांगितला असतास ना?' मी म्हणालो, 'पदवी हातात आली की सगळ्यांना सांगेन.' तुला ते पटलं नव्हतं. पण वचन दिलंस, आणि तुझी अडचण ही, की तू दिलेलं वचन पाळायचीस.

मग तुमच्या शेजारच्या काकूंनी तुला त्या इमारतीत शिरताना पाहिलं. घरी विचारणा झाली. मला हे तू पुढच्या महिन्यात बसमध्ये हसत हसत सांगितलंस. 'मी म्हटलं, माझं बीपी दाखवायला जाते. तू मला सोबत करतोस म्हटलं. आता तुझी आमच्या घरात मोठी इज्जत शे.' मीही हसलो. मला सुटल्यासारखं वाटलं, अक्का. पारोळ्याचा स्टॉप येईपर्यंत आपण त्यावर हसत होतो.

*

सावद्याजवळच्या केळीच्या बागेत तू मला करपा ओळखायला शिकवलंस. शेतकरी म्हणत होता, बाग झकास आहे, बघा ना कशी हिरवीगार. तू वर बघितलंच नाहीस. वाकून सगळ्यात खालचं पान उचललंस आणि ते उजेडासमोर धरलंस. बारीक पिवळ्या रेघा. मला म्हणालीस, 'वरचं पान माणसाला दाखवायला असतं. आजार खालच्यावर आधी येतो.'

तुझ्या सॅन्डलचा पट्टा शेवटच्या भोकावर आला होता तेव्हा मी ते बघितलं होतं. पाय सुजलेले, पट्ट्याचा वळ उठलेला. मी विचारलंही होतं. 'बसमध्ये पाय लोंबकळत असतात ना, म्हणून,' असं तू म्हणालीस, आणि करप्यात इतकी वर्षं घातलेल्या बाईचं ते निदान मी मान्य केलं.

दुसऱ्या मजल्यावरच्या सिस्टरचं सांगतो. त्या दिवशी डॉक्टरांना उशीर झाला होता. माझं वजन आणि बीपी घेऊन झालं आणि सिस्टर सहज म्हणाली, 'मॅडम, तुम्ही दर वेळी नुसत्याच बसता, या, तुमचंही बघू.' तिने पट्टा बांधला, आकडा बघितला, पट्टा सोडला, परत बांधला. मग तिचा सहजपणा गेला. 'खाली डॉक्टर आहेत. आत्ता दाखवून घ्या.' तू म्हणालीस, 'जिना चढून आले ना, म्हणून.' सिस्टर म्हणाली, 'जिना चढून तासभर झाला.' मला आत बोलावलं गेलं. मी बाहेर आलो तेव्हा तू पर्स काखेत मारून तयार होतीस. मी विचारलं, 'खाली जायचं का?' तू म्हणालीस, 'सबमिशननंतर.'

सबमिशननंतर तुझी दाढ काढायची होती. सबमिशननंतर ऋतुजाला समुद्र दाखवायचा होता. आम्हा सगळ्यांचं आयुष्य त्या एका शब्दापलीकडे रांगेत उभं होतं. बीपी त्या रांगेत उभं राहिलं, एवढंच मला त्या दिवशी वाटलं. भूक लागली होती आणि दाजींनी शेवभाजी आणून ठेवली असणार होती. आपण जेवायला गेलो.

एकोणीस वेळा आपण त्या जिन्याने चढलो. सुरुवातीला तू पुढे असायचीस. नंतर पहिल्या मजल्यावर दम खायला थांबू लागलीस. त्या डॉक्टरांच्या पाटीवर हात टेकून. मी दोन पायऱ्या वर उभा राहून वाट बघायचो. दार उघडंच असायचं.

आपलं भांडण जळगावच्या बसस्टँडवर झालं. मी म्हणालो, 'सिस्टरने सांगून वर्ष होईल. आज पहिल्या मजल्यावर थांबायचं.'

'आज नको. आज मला घरी जाऊन संदर्भसूची पुरी करायची आहे.'

'मला नळ बंद करून ओढत नेलंस. तेव्हा माझी संदर्भसूची नव्हती का?'

'तुझं वेगळं. तुला बघायला कुणी नव्हतं.'

'आणि तुला?'

'मलाच बघायचे असतात बठ्ठे, सगळेच्या सगळे.' मग तू माझ्याकडे वळलीस. 'आणि तू कोण सांगणारा? आईला सांगितलंस का, गोळ्या घेतो ते? पदवीनंतर ना? मग माझंही नंतर.'

बस लागली. तू खिडकीशी बसलीस, मी मागच्या सीटवर. एरंडोलला तू पाठीमागे हात करून शेंगदाण्याचा पुडा दिलास. मी तो घेतला. आपण दोघांनी तो समेट समजला. त्यानंतर आपण फक्त संदर्भसूचीतल्या स्वल्पविरामांबद्दल बोललो, आणि सहा आठवड्यांनी तू सकाळी कुकर लावताना खाली बसलीस ती उठली नाहीस. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. मेंदूत रक्तस्राव, म्हणाले.

*

काल शोकसभेवरून आल्यापासून मी फाईल उघडी ठेवून बसलो होतो. ती हरवली असं सांगणं सोपं होतं. त्याला कारणंही चांगली सापडत होती. खरं सांगितलं तर तू दाजींशी खोटं बोललीस हे त्यांना कळणार. आता त्यांच्यापाशी एवढं तरी आहे की दाखवलं होतं, तरीही गेली, नशीब. मी ते काढून घेणार, आणि बदल्यात काय देणार? तुला कुणीच तपासलं नव्हतं, एवढं.

अशी उदात्त कारणं दोन तास जमवल्यावर मला तुझी आठवण झाली. तू म्हणाली असतीस, 'भाऊ, घाबरलास म्हण की.' घाबरलो होतो. आणि नाही सांगितलं तर दाजी त्या इमारतीत जाऊन अशा डॉक्टरांना जाब विचारणार होते, ज्यांनी तुला फक्त दाराबाहेर दम खाताना पाहिलं असेल.

म्हणून मी आज सकाळी धुळ्याला गेलो. ही पुढची पानं परत आल्यावर लिहितोय.

देवपूरच्या तुमच्या घरात तुझी खुर्ची तशीच आहे, फक्त तिच्यावर वर्तमानपत्रांची चळत आहे. दाजींनी चष्मा लावला आणि फाईल मांडीवर घेतली. नाव वाचलं. उलटून मागे बघितलं. परत पुढे.

'ही तुझी आहे. चुकून आणलीस.'

'चुकून नाही, दाजी. हीच आहे. दवाखाना माझा चालू होता. दुसऱ्या मजल्यावरचा. अक्का माझ्यासोबत यायची.'

त्यांनी पानं उलटायला सुरुवात केली. प्रत्येक पानावर तारीख, वजन, बीपी, गोळ्या, आणि खाली एक ओळ, 'सोबत आलेल्याचं नाव व सही'. दाजी त्या ओळीवर बोट ठेवून पुढे जात राहिले. तुझी ती वळणदार सही, 'क'ची शेपटी ओळीबाहेर जाणारी. शेवटच्या तीनमध्ये शेपटी थोडी थरथरली आहे. ते मला आजच दिसलं.

'एकोणपन्नास, हे खालचं बीपी... नाही, हे वजन आहे का?' त्यांनी विचारलं.

'वजन एकोणपन्नास. पहिल्या दिवशीचं.'

'आणि आता?'

'एकसष्ट.'

त्यांनी मान हलवली. मग म्हणाले, 'म्हणजे हिला कुणीच बघितलं नाही.'

'एकदा सिस्टरने बघितलं होतं. खाली दाखवा म्हणाली होती. मला माहीत होतं, दाजी. मी सांगायला हवं होतं. तुम्हाला सांगितलं असतं तर माझंही बाहेर आलं असतं, म्हणून नाही सांगितलं.'

मी ओरडण्याची वाट बघत होतो. ते उठले, माठातून पाणी घेतलं, तांब्या तसाच हातात धरून परत येऊन बसले. 'मी दर महिन्याला विचारायचो,' ते म्हणाले. 'दाखवलंस का? म्हणायची, दाखवलं, बठ्ठं बरं शे. मी कधी म्हटलं नाही, कागद दाखव. मला तेवढंच ऐकायचं असायचं. एसटीच्या डेपोत ड्युटीवर जायचं असायचं.'

पंखा फिरत होता. रस्त्यावरून भंगारवाल्याची हाक येऊन गेली.

तेवढ्यात ऋतुजा आतून आली. कपाळाला ओढणी घट्ट बांधलेली, हातात बारावीचं पुस्तक, बोट पानात अडकवलेलं. 'मामा, कधी आलात? चहा ठेवू?'

दाजींनी तिच्याकडे बघितलं. 'डोकं अजून दुखस का?'

'थोडं. वाचताना. आई जायच्या आधीपासूनच दुखतं ते.' आणि पुस्तक पुढच्या पानावर उलटत सहज म्हणाली, 'परीक्षा होऊन जाऊ द्या, मग दाखवू.'

तिच्या आवाजात तूच बोलत होतीस, अक्का. तोच 'मग', शेवटी किंचित खाली येणारा. दाजींनी तांब्या जमिनीवर ठेवला.

'चप्पल घाल.'

'आत्ता? पप्पा, उद्या टेस्ट आहे माझी.'

'चप्पल घाल म्हटलं.'

आम्ही तिघं निघालो. फाईल मी काखेत धरली होती, ती ठेवायचं कुणाला सुचलंच नाही. चौकातल्या दवाखान्यात त्यांनी आधी तिचं बीपी बघितलं. ठीक होतं. मग शेजारच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. तिने भिंतीवरची अक्षरं वाचली, खालच्या दोन ओळी तिला दिसेनात. एकचा नंबर निघाला. वाचताना ताण येत होता, चष्मा लावला की थांबेल, असं डॉक्टर म्हणाले. ऋतुजाने काळी चौकट निवडली, आरशात बघून तोंड वाकडं केलं, आणि तू गेल्यापासून मी तिला पहिल्यांदा हसताना पाहिलं. कागदावर सोबत आलेल्याचं नाव लिहायचं होतं. ते दाजींनी लिहिलं.

परत येताना त्यांनी मला विचारलं, 'तुझी पुढची तारीख कधी आहे?'

'येत्या शनिवारी.'

'मी येईन. पहिल्या मजल्यावर थोडं थांबू. माझंही बघून घेतो.' दहा पावलं गेल्यावर म्हणाले, 'आईला सांगितलंस का?'

'आज सांगतो.'

बसमध्ये बसल्यावर आईला फोन केला. पारोळ्याच्या अलीकडे रेंज गेली, तोवर सगळं सांगून झालं होतं. ती म्हणाली, मला वाटलंच होतं, तू दोन वर्षांपूर्वी अचानक नीट जेवायला लागलास तेव्हा.

पण तुला सांगायचं आहे ते त्याच्या आधीचं. आम्ही घरी आलो तेव्हा ऋतुजाने मघाशी राहिलेला चहा ठेवला, तुझ्या त्या कान तुटलेल्या पातेल्यात. दाजी तुझ्या खुर्चीवरची वर्तमानपत्रं खाली ठेवून तिथे बसले. समोर घड्याळ होतं. ते बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले.

'पाऊण तास लागला,' ते म्हणाले.

चहाला उकळी आली होती. ऋतुजाने गॅस बारीक केला.

'जाऊन येऊन,' दाजी म्हणाले. 'पाऊण तास.'